संस्कार आणि संघटना

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडील फुटबॉल नव्हे. चेंडू हातात घेऊन, अंगावर अंग आदळीत खेळावयाचा हा खेळ तेथील मोठ्या विद्यापीठांना अमाप पैसा मिळवून देतो. या खेळात नाव मिळविलेल्या जो अर्मन यांचे पुढील आयुष्य समाजवादी कार्यकर्त्यांनी जाणून घ्यावे असे आहे.

सिरॅक्यूज विद्यापीठाच्या संघातून गाजलेले अर्मन १९७३ साली बाल्टिमोर कोल्ट्स या व्यावसायिक संघात दाखल झाले. १९७८ साली त्यांचा धाकटा भाऊ कर्करोगाने गेला आणि कीर्ती व पैसा यांचा पोकळपणा त्यांना जाणवला. पुढे ते धर्मोपदेशक झाले. बाल्टिमोरच्या गरीब वस्तीत त्यांनी सेवाकेंद्र उभारले आणि गिलमन या खाजगी शाळेत ते मुलांना फुटबॉल शिकवू लागले. मैदानावरील पराक्रम, स्त्रीवर मिळविलेला विजय आणि खिशातील पैसा यांवरून पुरुषार्थ मोजणे खोटे होय, हे ते मुलांच्या मनावर बिंबवीत. शाळेतील कोणताही मुलगा एकटा जेवताना दिसला, तर संघातील खेळाडूने त्याच्याजवळ जाऊन बसावे, असा तेथील दंडक होता.

परंतु एका सज्जन प्रशिक्षकाच्या संस्कारांनी व्यवस्था बदलते काय? १९५५ साली कोलोरॅडोतील रे डेनिसन हा महाविद्यालयीन खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार-भरपाई मागितली. महाविद्यालय फुटबॉलचा धंदा करीत नाही, असे म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ती नाकारली. २०१४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील खेळाडूंनी केन कोल्टर यांच्या पुढाकाराने संघटना उभारण्याचा प्रयत्न केला. दुखापतींवरील उपचारांचा खर्च मिळावा, ही त्यांची एक मागणी होती. श्रम मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने त्यांना कामगार मानले. २०१५ साली केंद्रीय मंडळाने मात्र या प्रकरणात लक्ष घालण्याचेच नाकारले. अखेर २०२५ साली न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक विद्यापीठाची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. तथापि या तडजोडीने खेळाडूला कामगार म्हणून मान्यता दिलेली नाही. त्याला बाजारभाव मिळाला, मालकाशी एकत्रितपणे बोलणी करण्याचा हक्क मिळाला नाही. अशा बाजारात नामवंताचा वाटा मोठा आणि राखीव खेळाडूचा नाममात्र, हे ओघानेच येते.

अर्मन यांच्या शिकवणीचे महत्त्व येथेच कळते. एकट्या पडलेल्या मुलाशेजारी जाऊन बसण्याची सवय ज्याला लागली, तो उद्या जखमी सहकाऱ्यासाठी संघटनेत उभा राहू शकेल. मात्र ती सवय शाळेच्या भोजनगृहापुरतीच राहिली, तर पुण्य व्यक्तीच्या पदरी पडेल आणि नफा पूर्ववत मालकाच्या. मुलांचे संघ व शिबिरे चालविणाऱ्या कार्यकर्त्यांनी संस्कार आणि संघटना यांची फारकत कदापि होऊ देऊ नये.