मोटारीच्या उष्णतादर्शक काट्यावर किती विसंबावे?

हंगामात देवगड-मालवणकडील आंब्याच्या पेट्या फोंडाघाट अथवा करूळघाट चढून कोल्हापूरकडे जातात. हे काम आता मोठ्या प्रमाणावर पिकअप गाड्या करतात, आणि अनेक बागायतदारांनी त्या कर्ज काढून घेतलेल्या आहेत. एप्रिल-मेचे ऊन, भरलेला माल आणि सलग चढ यांमुळे इंजिनावर पडणाऱ्या ताणाची खबर चालकाला एका लहानशा काट्यावरून मिळावयाची असते. काटा मध्यावर असला की सर्व ठीक, असा सार्वत्रिक समज आहे. माझ्या मते हा समज महागात पडणारा आहे.

कारखान्यातून बसवून आलेला हा काटा पुष्कळ गाड्यांत तापमान मोजून दाखवीत नाही. तो चालकाला केवळ निर्धास्त ठेवतो. पूर्वीच्या गाड्यांतील काटा पाण्याच्या उष्णतेबरोबर खालीवर होई, आणि चढावर तो किंचित सरकला तरी ग्राहक तक्रार घेऊन येत. त्यावर उत्पादकांनी तोड काढली ती अशी, की साधारण ८० पासून १०५ अंश सेल्सिअसपर्यंत काटा मध्यावर स्थिरच राहावा. (ही मर्यादा गाडीगणिक निराळी असते.) गावच्या पर्जन्यमापकाने २५ पासून १०० मिलिमीटरपर्यंत एकच आकडा दाखविला, तर त्या नोंदीला आपण काय किंमत देऊ? इंजिनाच्या बाबतीत मात्र ते निमूटपणे चालवून घेतो. काटा हलू लागतो तेव्हा पाणी आधीच फार तापलेले असते.

याहूनही घातक गोष्ट निराळीच आहे. उष्णता जाणणारा संवेदक पाण्यात बुडालेला असेल तरच खरे सांगतो. नळी फुटून पाणी वाहून गेले तर तो कोरडा पडतो. काटा चक्क खाली येऊ शकतो, आणि आत इंजिन भाजत असते. हेड वाकले, गॅस्केट गेले, की दुरुस्ती हंगामाची मिळकत खाऊन टाकते. घाटात अडकलेला आंबा अथवा बर्फातील मासळी तर त्यासाठी थांबत नाहीच.

उत्पादकांनी तबकडीवर अंशांचे आकडे छापावयास हवेत. आकडे पाहून चालक घाबरेल, ही सबब मला पटत नाही. जो रोज किलो-ग्रॅमने मासळी तोलून घेतो, त्याला अंश का समजू नयेत? १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाच्या गाड्यांत तपासणीसाठी एक जोडणी असते. तीत बसणारे छोटे उपकरण पाण्याचे तापमान अंशांत मोबाईलवर दाखविते. जुन्या गाडीला आकडे असलेला स्वतंत्र मापक बसवून घ्यावा. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय हंगामापूर्वीच्या बैठकीत अवश्य घ्यावा.

मापक कोणताही असो, रोज सकाळी इंजिन थंड असता टाकीतील पातळी पाहावी आणि रेडिएटरच्या जाळीत साचलेली खारी धूळ काढावी. किनाऱ्यावरील विहिरींचे मचूळ पाणी रेडिएटरात घालू नये. कूलंट व ऊर्ध्वपातित पाणीच वापरावे. चढावर आकडा ११० कडे जाऊ लागल्यास वातानुकूलन बंद करून गाडी बाजूस घ्यावी, आणि पाणी गळत असल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. रेडिएटरचे झाकण मात्र लगेच उघडू नये. आतील पाणी दाबाखाली १०० अंशांपलीकडेही न उकळता राहते व झाकण फिरवताच उसळून अंगावर येते.