वंशवृक्ष आणि पेढीची मांडणी : वर्डमधील दोन आकृत्या

जांभळाच्या झाडाभोवती जमलेले सहा वाटसरू मंदिरांच्या भिंतींवर आणि पाठशाळेच्या पुस्तकांत पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहेत. एकाला झाड मुळासकट उपटावयाचे आहे, दुसऱ्याला ते बुंध्यापाशी तोडावयाचे आहे, तिसऱ्याला मोठी फांदी हवी, चौथ्याला लहान डहाळी, पाचव्याला फक्त फळे. सहावा मात्र खाली पडलेली जांभळे वेचूनच तृप्त आहे. कृष्णापासून शुक्लापर्यंतच्या सहा लेश्या समजावून सांगण्यास पानभर मजकूर लागतो. तेच चित्र लहान मुलालाही क्षणात उमगते. जंबूद्वीपाचे पट, समवसरणाची रचना, बारा आऱ्यांचे कालचक्र यांकडे पाहिले म्हणजे जैन परंपरेला आकृतीचे सामर्थ्य किती पूर्वीपासून ठाऊक होते, हे ध्यानात येते.

व्यापारी कुटुंबांना मात्र आकृतीची आठवण बहुधा अडचणीच्या वेळीच होते. वडील गेल्यानंतर बँक वारसांची यादी मागते, तलाठी वंशावळ मागतो, वकील भागीदारीचा तपशील विचारतो. मग कोणीतरी कोऱ्या कागदावर रेघा ओढतो, नावे खाडाखोड करून लिहितो, आणि तोच कागद पुढे प्रतिज्ञापत्राचा आधार ठरतो. हे काम सवडीने, सर्व वडीलधारी हयात असताना, घरातील संगणकावर नीटनेटके करता येते. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये २००७ च्या आवृत्तीपासून त्यासाठी ‘स्मार्टआर्ट’ नावाची सोय आहे.

आकृती कोणती निवडावी?

‘इन्सर्ट’ या पट्टीवरील ‘स्मार्टआर्ट’वर क्लिक केले की आकृत्यांचे वर्ग समोर येतात : यादी, प्रक्रिया, चक्र, उतरंड, परस्परसंबंध, चौकोनी मांडणी, पिरॅमिड आणि चित्रयुक्त. पुष्कळ जण यातील डोळ्यांना सुंदर दिसणारी आकृती उचलतात. निवड दिसण्यावरून नव्हे, तर गोष्टींमधील नात्यावरून करावयाची असते.

कालचक्रात अवसर्पिणीनंतर उत्सर्पिणी आणि तिच्यानंतर पुन्हा अवसर्पिणी येते. त्याला चक्राचीच आकृती शोभते. साधू, साध्वी, श्रावक आणि श्राविका हा चतुर्विध संघ उतरंडीत मांडला तर अर्थ बिघडतो. त्यासाठी चार घरांची चौकोनी मांडणी योग्य. सम्यक् दर्शन, ज्ञान व चारित्र यांची एकत्रित साधना दाखवावयाची असेल, तर एकमेकांवर आलेली तीन वर्तुळे बरी. चौदा गुणस्थाने दाखवताना तर विशेष काळजी हवी. पायऱ्यांवर केवळ वर जाणारा बाण काढला, तर अकराव्या उपशांतमोह गुणस्थानावरून जीव खाली घसरतो ही मुख्य गोष्टच लपते. आकृती चुकली की अर्थही चुकतो. मग ती पाठशाळेसाठी असो वा घराण्यासाठी.

वंशावळीचे नाते उतरंडीचे. म्हणून तिच्यासाठी ‘हायरार्की’ हा वर्ग उघडून त्यातील पहिली, ‘ऑर्गनायझेशन चार्ट’ ही आकृती घ्यावी.

वंशवृक्षाची उभारणी

आकृती पानावर येताच तिच्या शेजारी मजकुराची छोटी खिडकी उघडते. तिला ‘टेक्स्ट पेन’ म्हणतात. ती दिसत नसेल तर आकृतीच्या डाव्या कडेवरील बाणावर क्लिक करावे. खरे काम या खिडकीतच होते. पहिल्या ओळीत मूळपुरुषाचे नाव लिहावे. ‘एंटर’ दाबल्यास त्याच पातळीवरची नवी चौकट तयार होते. ‘टॅब’ दाबल्यास ती चौकट एक पिढी खाली उतरते, आणि ‘शिफ्ट’सह ‘टॅब’ दाबल्यास एक पिढी वर चढते. एवढ्या तीन कळा हाताला बसल्या की चार पिढ्यांचा वृक्ष अर्ध्या तासात उभा राहतो. कोऱ्या आकृतीत आडवी लोंबणारी एक चौकट आधीपासून असते; ती मदतनिसासाठी आहे. वंशावळीत तिचे काम नाही, म्हणून ती निवडून पुसून टाकावी.

पती व पत्नीची नावे एकाच चौकटीत दोन ओळींत हवीत, तर पहिल्या नावानंतर ‘शिफ्ट’सह ‘एंटर’ दाबावे. ओळ बदलते, नवी चौकट होत नाही. एखाद्याचा दुसरा विवाह झालेला असेल, तर अपत्याच्या चौकटीत त्याच्या आईचे नाव दुसऱ्या ओळीत लिहावे. या आकृतीत प्रत्येक चौकटीला वरून एकच रेघ येते, त्यामुळे दोन्ही पालक रेघांनी दाखवता येत नाहीत. नावांनी मात्र येतात. दिवंगत व्यक्तीच्या नावामागे ‘स्व.’ लावून निधनाची तारीख लिहावी. वारसाच्या कामात ती तारीख नावाइतकीच महत्त्वाची असते.

चौकटी वाढत गेल्या की अक्षरे आपोआप बारीक होतात आणि पाचव्या पिढीची नावे भिंगाखाली वाचावी लागतात. त्यावर दोन उपाय आहेत. एक, आकृतीच्या पानाआधी व पानानंतर ‘लेआउट’मधील ‘ब्रेक्स’ वापरून ‘नेक्स्ट पेज’चा विभाग घालावा आणि तेवढेच पान ‘लँडस्केप’, म्हणजे आडवे करावे. दुसरा, एखाद्या शाखेची वरची चौकट निवडून ‘स्मार्टआर्ट डिझाइन’मधील ‘लेआउट’च्या यादीतून ‘राइट हँगिंग’ घ्यावे. मग त्या शाखेतील भावंडे आडव्या ओळीऐवजी एकाखाली एक लागतात आणि रुंदी वाचते. तरीही पान पुरत नसेल, तर प्रत्येक शाखेसाठी स्वतंत्र पान करावे. वाचता न येणाऱ्या पूर्ण वंशवृक्षापेक्षा वाचता येणाऱ्या चार शाखा केव्हाही चांगल्या.

रंगांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. ‘चेंज कलर्स’मध्ये रंगसंगती पुष्कळ आहेत, परंतु कार्यालयात पोहोचते ती बहुधा काळी-पांढरी झेरॉक्स. केवळ रंगाने दाखवलेला फरक तिथे नाहीसा होतो. दिवंगतांच्या चौकटीची कड तुटक रेघेची केली, तर ती झेरॉक्सवरही ओळखू येते. त्यासाठी ‘फॉरमॅट’मधील ‘शेप आउटलाइन’खाली ‘डॅशेस’ आहे. सजावट फसली, तर ‘रीसेट ग्राफिक’ने ती पूर्ववत होते आणि नावे शाबूत राहतात. मराठी मजकूर मंगल, कोकिळा किंवा निर्मला यांसारख्या युनिकोड अक्षरांत असावा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेली नावे, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर निरर्थक चिन्हे होऊन उघडतात. नातलगांना पाठवावयाची प्रत पीडीएफ करूनच पाठवावी, म्हणजे चौकटी जागच्या हलत नाहीत.

रिकामी राहणारी चौकट

तंत्र इथे संपते. पुढचा प्रश्न मनाचा आहे. घराण्याच्या जुन्या नोंदींत पुरुषांची नावे ठळक असतात आणि मुली विवाहानंतर दिसेनाशा होतात. तोच कागद समोर ठेवून संगणकावर आकृती केली, तर तीच उणीव सुबक चौकटींत कायम होते.

वारसाहक्काच्या बाबतीत १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा जैनांनाही लागू आहे. मृत्युपत्र न करता गेलेल्या पुरुषाच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत मुलगा, मुलगी, पत्नी आणि आई यांचा समान वाटा त्या कायद्याने तेव्हापासूनच आहे. एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली, परंतु ती आधीच विवाह झालेल्या मुलींना लागू नव्हती. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित व अविवाहित हा भेद उरला नाही. हा हक्क जन्माने मिळत असल्यामुळे त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र या दुरुस्तीने मोडत नाहीत.

याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे. नमुन्यादाखल एक धान्याची पेढी कल्पावी : तीन भाऊ, दोन विवाहित बहिणी आणि वडिलांच्या नावावरील गोदाम. वंशावळीत तीनच चौकटी दाखवून वारसनोंद झाली आणि काही वर्षांनी गोदाम तारण ठेवून कर्ज काढावयाचे ठरले. मालकीहक्काची तपासणी करणारा वकील बहिणींविषयी विचारतोच. त्यांचा हिस्सा किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र यांपैकी काहीच कागदावर नसेल, तर कर्ज अडते, आणि त्याहून वाईट म्हणजे राखीपौर्णिमेला घरी येणाऱ्या बहिणीला आपण वगळले गेल्याचे परक्याच्या तोंडून कळते. बहिणीला हक्क सोडावयाचा असेल, तर तो तिने स्वखुशीने व जाणतेपणाने सोडावा. तिची चौकटच न काढणे हा त्याग नव्हे. अचौर्याचे व्रत केवळ गल्ल्यापुरते नसते.

पेढीची आकृती वेगळी

दुसरा गोंधळ घर आणि पेढी एकाच आकृतीत कोंबल्याने होतो. मुलगा वंशवृक्षात वडिलांच्या खाली आपोआप येतो, पेढीत येत नाही. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल, तर भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी विसर्जित होते. तसेच खात्यावरील नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते, पण तेवढ्याने ती मालक ठरत नाही. म्हणून पेढीसाठी निराळे पान करावे. वरच्या चौकटीत पेढीचे नाव, तिच्याखाली भागीदारी करारातील भागीदार व त्यांचे हिस्से, आणि त्याखाली खरेदी, वसुली, कर, बँक ही कामे कोण पाहतो त्याची नावे. मुनीमजी किंवा हिशेबनिसासाठी ‘ॲड शेप’मधील ‘ॲड असिस्टंट’ ही बाजूची चौकट इथे उपयोगी पडते. वंशावळीतून पुसलेल्या चौकटीची खरी जागा हीच. सही करण्याचा अधिकार कोणाला आहे, हेही नावाखाली लिहावे.

दोन्ही पाने शेजारी ठेवली म्हणजे न बोललेले प्रश्न दिसू लागतात. वीस वर्षे वसुली सांभाळणारा धाकटा भाऊ भागीदारांच्या ओळीत आहे काय? हिशेब ठेवणाऱ्या सुनेचे नाव कुठे आहे? सर्व व्यवहार एकाच सहीवर चालतात काय? हे प्रश्न पान पाहताना शांतपणे विचारता येतात. दुःखाच्या दिवसांत ते भांडण होऊन बाहेर पडतात.

या आकृत्या म्हणजे कायदेशीर दस्त नव्हेत. दस्त वकिलाकडूनच करून घ्यावेत. परंतु वकिलाकडे स्वच्छ पान घेऊन जाणाऱ्या कुटुंबाचा वेळ व खर्च वाचतो. प्रत्येक पानाच्या तळाशी तयार केल्याची तारीख घालावी, घरातील ज्येष्ठ स्त्री-पुरुषांना ती वाचून दाखवावी, नावे व तारखा दुरुस्त करून घ्याव्यात आणि एक छापील प्रत मुख्य कागदपत्रांच्या फाइलीत ठेवावी. वर्षभरातील जन्म, विवाह, निधन आणि करारातील बदल यांची भर घालण्यास दिवाळीच्या वहीपूजनाचा दिवस उत्तम. नव्या वहीसोबत या दोन पानांचीही नवी प्रत निघाली, तर त्या दिवशी घराण्याचाही हिशेब लिहिला जाईल.