शिक्क्यामागची पडताळणी

खडवलीच्या भातसाकाठी घर बांधू पाहणारे मध्यमवर्गीय कुटुंब आयुष्यभराची पुंजी ज्या कागदांच्या भरवशावर मोकळी करते, ते कागद खरे आहेत हे त्याने कसे ओळखावे? खडवलीवरून जाणाऱ्या लोहमार्गावरच, कसारा घाट ओलांडला की, नाशिकरोड लागते. तेथील भारत प्रतिभूती मुद्रणालयाने जोपासलेली विद्या मोठी सूक्ष्म आहे. लगदा ओला असतानाच उमटविलेले जलचिन्ह उजेडासमोर धरल्यावर स्पष्ट दिसते. एकमेकींत गुंफलेल्या केसासारख्या रेषांची नक्षी छायाप्रतीत फिसकटते. भिंगाखाली वाचता येणारी अक्षरे नकलेत नुसती रेघ होऊन बसतात. काही शाई तर अतिनील प्रकाशातच उजळते.

अब्दुल करीम तेलगीने ही विद्या जिंकली नाही. तो मागच्या दाराने आत शिरला. 1994 मध्ये मुद्रांकविक्रीचा परवाना आणि पुढे नाशिकच्या मुद्रणालयातून मोडीत निघालेली यंत्रे त्याच्या हाती आली, ती फितुरीमुळे. त्याचे मुद्रांक बँका आणि विमा कंपन्यांनी बिनदिक्कत विकत घेतले. जलचिन्ह उजेडासमोर धरण्याची तसदी कोणी घेतली होती? 2001 मध्ये त्याला अटक झाली, 2007 मध्ये मोठी शिक्षा झाली.

डोंबिवलीत तर एवढ्या खटाटोपाचीही गरज पडली नाही. महापालिकेचे बनावट बांधकाम परवाने जोडून 65 इमारतींसाठी महारेराची नोंदणी मिळविण्यात आली. नोंदणी क्रमांक खरा, त्याखालचा परवाना खोटा! 2024 च्या नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला आणि कर्ज काढून घर घेतलेली निरपराध कुटुंबे हवालदिल झाली. परवाना देणाऱ्या कार्यालयालाच आधी विचारले असते, तर हा अनर्थ टळला असता.

डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्यावर पडताळणी क्रमांक असतो. तो संकेतस्थळावर घातला की मूळ उतारा समोर येतो. बनावट कागद कितीही देखणा असो, शासनाच्या दप्तरातील नोंद त्याला बदलता येत नाही. हीच सोय बांधकाम परवाना, अकृषिक आदेश आणि भोगवटा प्रमाणपत्र या प्रत्येक कागदाला हवी. दस्त नोंदविण्यापूर्वी तो क्रमांक तपासण्याची जबाबदारी खरेदीदारावर न ढकलता दुय्यम निबंधकावर टाकावी, आणि न तपासता दस्त नोंदविणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचा जाब द्यावा लागावा.