मीटरची किल्ली कोणाच्या हाती?

स्मार्ट मीटरविषयी परभणी जिल्ह्यात जी चर्चा होते ती प्रामुख्याने वाढीव बिलाची. बिलाचा प्रश्न जिव्हाळ्याचा आहेच. परंतु त्याच्या मुळाशी असलेला मालकीचा प्रश्न आपण अद्याप नीट हाताळलेला नाही.

जुन्या मीटरमध्ये ॲल्युमिनियमची चकती फिरे. घरातील सर्व दिवे बंद असताना ती फिरत राहिली, तर निरक्षर ग्राहकालाही गफलत दिसे. नव्या मीटरमध्ये मोजणी करते ती चिपमध्ये साठविलेली आज्ञावली, म्हणजेच फर्मवेअर. अशा यंत्राला वीज मिळताच प्रथम बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम चालतो. सुरक्षित रचनेत तो फर्मवेअरवरील डिजिटल सही तपासतो आणि मगच त्याला काम करू देतो. सही करण्याची गुप्त किल्ली ज्याच्याकडे, तोच मीटरचा खरा धनी. दूरवरून फर्मवेअर बदलता येते आणि आतील स्विचला आज्ञा देऊन पुरवठाही तोडता येतो.

ही भीती काल्पनिक नाही. १२ ऑगस्ट २०२० रोजी, जन्माष्टमीच्या दिवशी, उत्तर प्रदेशात एका चुकीच्या आज्ञेने लाखाहून अधिक स्मार्ट मीटरधारकांची वीज गेली. थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी, असे वीज कायदा २००३ चे कलम ५६ सांगते. आज्ञावलीला नोटीस ठाऊक नसते. चाचणीच्या वेळी धूर कमी दाखविणारी आज्ञावली फोक्सवॅगनने मोटारींत दडविली होती. ते २०१५ मध्ये उघड झाले. बंद पेटीतील यंत्र मालकाच्या हिताचे बोलते, हाच त्याचा धडा.

म्हणून आपण यंत्राचे शत्रू ठरत नाही. कोणीही उपटसुंभाने फर्मवेअर बदलू नये, यासाठी कुलूप हवेच. वाद कुलपाचा नाही, किल्लीचा आहे. येलदरीची वीज जनतेच्या पैशातून उभी राहिली. मीटर बसविण्याचे व सांभाळण्याचे ठेके मात्र २०२३ मध्ये खाजगी कंपन्यांना दिले गेले. जून २०२४ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर नको, अशी घोषणा झाली. पुढे तेच तंत्र टीओडी मीटर या नावाने, पोस्टपेड स्वरूपात आले. रिचार्जचा प्रश्न टळला, किल्लीचा टळला नाही.

तेव्हा आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. फर्मवेअरचा मूळ मजकूर वीज नियामक आयोगाकडे जमा व्हावा आणि त्याची स्वतंत्र तपासणी व्हावी. प्रत्येक बदलाची तारीख व कारण ग्राहकाला मराठीत कळावे. सहीची किल्ली ठेकेदाराकडे नव्हे, जनतेला उत्तरदायी संस्थेकडे असावी. जबाबदार अधिकाऱ्याच्या नावानिशी लेखी आदेश असल्याशिवाय वीज तुटू नये.

जिंतूर, सेलू, गंगाखेड, पाथरी येथील कार्यकर्त्यांनी वीज कार्यालयावरील पुढच्या मोर्चाच्या निवेदनात बिलाच्या मागणीशेजारी ही चार वाक्ये लिहावीत. मोजमाप ज्याच्या हाती, बाजार त्याच्या हाती, हे आपल्या शेतकऱ्याला कापसाच्या काट्यावर केव्हाच उमगले आहे. विजेचा काटा त्याला वेगळा समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.