पाचवीचा वर्ग आणि हाताने केलेले काम

पाचवी हा प्राथमिक शाळेचा शेवटचा वर्ग. अपूर्णांक, क्षेत्रफळ, नकाशाचे प्रमाण, पृथ्वीचे फिरणे अशा नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या कल्पना याच वर्षी मुलांपुढे एकामागून एक येतात. त्या फळ्यावरून वहीत लगेच उतरतात, पण हाताने काही केल्याशिवाय पटत नाहीत. म्हणून वर्गातली कृती आधी आणि नियम नंतर, हा क्रम पाचवीत तरी मोडता कामा नये.

अपूर्णांकांचेच पाहावे. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश, असे उत्तर दरवर्षी कितीतरी वह्यांत सापडते. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवायचा, हा मुलांनी स्वतः लावलेला तर्क असतो. लाल शाईने खोडून तो जात नाही. 12 सेंटिमीटरच्या कागदी पट्ट्या कापून दिल्या तर गोष्ट वेगळी होते. अर्धी पट्टी 6 सेंटिमीटर, एक तृतीयांश 4. दोन्ही शेजारी ठेवल्या की 10. दोन पंचमांश मात्र 4.8 सेंटिमीटर, म्हणजे नुसत्या अर्ध्याहूनही कमी! मिळवल्यावर लांबी घटली कशी, हा प्रश्न मग मुलेच विचारतात. त्याच पट्टीचे सहा सारखे भाग केले की अर्ध्यात तीन, एक तृतीयांशात दोन आणि बेरजेत पाच भाग दिसतात. समच्छेद करण्याची रीत इथे सांगावी. तिची गरज तोवर पटलेली असते.

परिमिती आणि क्षेत्रफळ यांतला गोंधळ आगपेटीतल्या 24 काड्यांनी सुटतो. सगळ्या काड्या वापरून आयत करायला सांगावे. कुणाचा 11 बाय 1 होतो, कुणाचा 6 बाय 6. कुंपण तेवढेच, पण आतले चौरस एकात 11 आणि दुसऱ्यात 36.

परिसर अभ्यासासाठी मैदान आणि एक काठी पुरते. जानेवारीत ती सरळ रोवून अकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवावा. सावली सर्वांत आखूड होते तेव्हा ती नेमकी उत्तर दिशा दाखवते. पण घड्याळात त्या वेळी बारा वाजलेले नसतात. मुंबईत ही वेळ 12.45 च्या आसपास येते, नागपूरला सुमारे 25 मिनिटे आधी. प्रमाणवेळ आणि रेखावृत्त यांचा संबंध शिकवायला याहून चांगले साधन नाही, आणि ते खेड्यातल्या शाळेलाही फुकट मिळते.

दुकानातून आणलेला तयार तक्ता किंवा आईवडिलांनी रात्री जागून केलेली थर्माकोलची प्रतिकृती ही मात्र कृती नव्हे. तिथे मुलाने काही मोजलेले नसते, काही चुकलेलेही नसते. कृती शाळेच्या तासातच व्हावी, चार-पाच जणांच्या गटात व्हावी आणि काय दिसले ते प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहावे. ते लेखन हाच भाषेचाही धडा ठरतो.

वेळ नाही, ही शिक्षकांची तक्रार खरी आहे. 2025-26 पर्यंत पाचवीत शिष्यवृत्ती परीक्षा असे; तिच्यात दोन पेपर आणि 300 गुणांचे 150 बहुपर्यायी प्रश्न असत. त्यांच्या सरावात महिने जात. 2023-24 पासून वार्षिक परीक्षाही परत आली आहे. तिच्या 50 गुणांपैकी 40 लेखी आणि 10 तोंडी-प्रात्यक्षिकाचे. वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनात मात्र प्रात्यक्षिक, उपक्रम आणि प्रकल्प यांना 2010 पासून स्वतंत्र जागा आहे. अनेक शाळांत हे रकाने सत्राच्या अखेरीस एकदम भरले जातात. पट्ट्यांचा किंवा सावलीचा तास झाला त्याच दिवशी, कोणत्या मुलाने काय मोजले आणि कुठे अडले, याच्या दोन ओळी तिथे लिहिल्या तर नोंदही खरी होईल आणि पुढचा पाठ कुठून सुरू करायचा हेही शिक्षकाला कळेल.