छिद्र एकच, पण पिशवी काढायचीच का?

हल्ली तालुक्याच्या गावातही दवाखान्यांच्या पाट्यांवर ‘दुर्बिणीतून, बिनटाक्याची शस्त्रक्रिया’ असं ठळक लिहिलेलं दिसतं. त्यातला नवा प्रकार म्हणजे एकाच छिद्रातून गर्भाशय किंवा मूत्रपिंड काढणं. मैत्रिणींनो, हे आहे तरी काय?

नेहमीच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट वायूने फुगवून तीन-चार छोटी छिद्रं पाडतात. नव्या पद्धतीत बेंबीतच दोन-अडीच सेंटीमीटरची एक चीर देतात आणि दुर्बीण, चिमटे, कात्री सगळं तिथूनच आत जातं. व्रण बेंबीच्या घडीत लपतो. कल्पना तशी जुनीच. आपल्याकडच्या बायकांनी कुटुंबनियोजनाचं ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ करून घेतलं, तेही बहुधा एकाच छिद्राचं. अशा प्रकारे गर्भाशय काढल्याची नोंद अमेरिकेत 1991 मध्ये झाली, मूत्रपिंडासाठी ही पद्धत 2007 च्या सुमारास आली.

पण अरुंद तोंडाच्या बरणीत दोन-तीन चमचे एकदम घालून बघा, ते एकमेकांवर आपटतात. सर्जनचंही तसंच होतं. वेळ जास्त लागतो, हात सरावलेला लागतो. नेहमीच्या दुर्बिणीपेक्षा दुखणं फार कमी होतं असंही नाही. बेंबीतून हर्निया होण्याची शक्यता मात्र थोडी वाढते. आणि मूत्रपिंड अख्खं बाहेर काढायचं तर चीर मोठी करावीच लागते! म्हणजे मुख्य फायदा दिसण्याचा. तो कमी लेखू नये, पण त्यासाठी जादा पैसे मोजताना हे माहीत हवं.

शक्य असेल तिथे योनिमार्गातून गर्भाशय काढणं तज्ज्ञ आधी पसंत करतात, त्यात पोटावर एकही चीर नसते. आणि छोटी चीर नेहमीच बरी असंही नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात दुर्बिणीपेक्षा पोट उघडून शस्त्रक्रिया केलेल्या बायका जास्त जगल्या, असं 2018 च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं.

माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. चीर लहान झाली की निर्णयही लहान वाटू लागतो. ‘एका छिद्राचं तर काम, टाका काढून!’ बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 स्त्रियांची गर्भाशयं काढल्याचं 2019 मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत सांगितलं. त्यात ऊसतोडणीला जाणाऱ्या तरुण बायका होत्या. पाळीत कामाचा खाडा नको, पांढरं जातंय, ‘पुढे कॅन्सर होईल’ अशी भीती. यातलं एकही कारण पिशवी काढण्याचं नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितली, ती अशाच प्रकारांमुळे.

अंगावरून जास्त जात असेल तर गोळ्या आहेत, तांबीसारखं आत बसवायचं हार्मोनचं साधन आहे. पुष्कळशा गाठींना नुसतं लक्ष ठेवणंही पुरतं. म्हणून डॉक्टरांसमोर बसल्यावर छिद्रं किती, हे शेवटी विचारा. आधी विचारा, सोनोग्राफीत नक्की काय दिसलं? अस्तराचा तुकडा तपासला का? औषधाने किती महिने थांबता येईल? आणि काढायचीच झाली, तर अंडाशय ठेवणार ना? कारण तेही गेलं तर तिशी-पस्तिशीतच पाळी जाते, हाडं ठिसूळ होऊ लागतात, आणि ते पोटावरच्या कुठल्याच व्रणात दिसत नाही.