पाठ केलेली पत्रे
दहावीची परीक्षा जवळ आली की गाइडांतील इंग्रजी पत्रे व निबंध घोकण्याचा सपाटा मावळातही सुरू होतो. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. तरीही दहा वर्षे शिकून अनेक मुलांना स्वतःचे साधे पत्र लिहिता येऊ नये, हा दोष मुलांचा नव्हे, अध्यापनाचा होय. बेडशाच्या लेण्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा लेख आहे : नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याचे हे दान. कोण, कोठला, काय केले, सारे एका ओळीत! ही लेणी पाहावयास मित्राला बोलावणारे पत्र बेडशाच्या मुलाने स्वतःच लिहावे व शिक्षकांनी ते आस्थेने तपासावे. चार चुका असलेले, पण स्वतःचे पत्र आम्हांस अधिक मोलाचे वाटते.